तळ्याचा ताळेबंद : अमेरिकेतील खाजगी तळी आणि चारा-मासे

मर्यादित साधने आणि अमर्याद गरजा यांची चर्चा आपण अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमी करतो. उदाहरणे मात्र बहुधा गहू, कापड आणि यंत्रे यांचीच असतात. मला या विषयाचे अत्यंत स्वच्छ उदाहरण एका अनपेक्षित ठिकाणी आढळले. ते म्हणजे अमेरिकेतील खाजगी मासेमारीची तळी. या तळ्यांचे मालक मोठे मासे मिळावेत म्हणून त्यांच्या खाद्यासाठी लहान मासे विकत घेऊन पाण्यात सोडतात. वरवर पाहता ही गोष्ट गाईला वैरण घालण्याइतकी सरळ वाटते. प्रत्यक्षात ती तशी नाही. ती का नाही, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात माझा प्रयत्न आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करतो. जे लहान मासे मोठ्या माशांचे भक्ष्य म्हणून तळ्यात ठेवले जातात त्यांना मी ‘चारा-मासे’ म्हटले आहे, आणि जे त्यांना खातात त्यांना ‘शिकारी मासे’. अमेरिकेतील तळ्यांचा प्रमुख शिकारी म्हणजे लार्जमाउथ बास. नावाप्रमाणेच त्याचे तोंड मोठे असते. गळाला लागल्यावर तो जोरदार झुंज देतो, म्हणून हौशी गळवाल्यांना तो फार प्रिय. चारा-माशांत मुख्य आहे ब्लूगिल, म्हणजे तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याजवळ निळसर झाक असलेला मासा. तेथील हिशेब एकर आणि पौंड यांत असल्याने मीही तेच वापरले आहेत. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, हे ध्यानात असले म्हणजे पुरे.

तळी कोठून आली ?

इसवी सन १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागी मोठा दुष्काळ पडला. उघड्या पडलेल्या जमिनींची माती वाऱ्याने उडाली, दक्षिणेकडील कापसाच्या जमिनी पावसाने धुपल्या. १९३५ साली मृदसंधारण सेवा हे सरकारी खाते अस्तित्वात आले आणि शेतातील ओघळींवर लहान मातीचे बांध घालण्यास त्याने शेतकऱ्यांना मदत केली. पाणी अडावे, गुरांना प्यावयास मिळावे, माती थोपावी, हे मूळ हेतू होते. पण पाणी साठले की मनुष्याला मासे आठवतात. शेतकऱ्यांनी जवळच्या ओढ्यातील हाताला लागतील ते मासे आणून या तळ्यांत सोडले. एकदोन वर्षे बरी गेली, पुढे गळाला बोटाएवढे मासे लागू लागले. तळी भरलेली, मासे असंख्य, आणि ताटात घालण्याजोगा एकही नाही, अशी स्थिती सर्वत्र झाली.

या कोड्याचा पद्धतशीर अभ्यास अलाबामा राज्यातील ऑबर्न येथे झाला. तेथील पॉलिटेक्निक संस्थेचे (१९६० पासून ऑबर्न विद्यापीठ) होमर स्कॉट स्विंगल हे मूळचे कीटकशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ई. व्ही. स्मिथ यांनी प्रयोगासाठी तळी बांधली, त्यांत मोजून मासे सोडले आणि ठरावीक काळाने तळी पूर्ण रिकामी करून प्रत्येक जातीचे, प्रत्येक आकाराचे मासे तोलले. सर्वच्या सर्व मासे तराजूत घालणे ही त्यांची पद्धत कष्टाची होती, पण अंदाजाला तिने जागाच ठेवली नाही.

स्विंगल यांचा हिशेब

त्यांच्या अभ्यासातून पहिली गोष्ट स्पष्ट झाली ती अशी. एका तळ्यात किती वजनाचे मासे जगू शकतात ही मर्यादा पाण्याच्या सुपीकतेने ठरते. किती मासे सोडले यावर ती अवलंबून नसते. सूर्यप्रकाशात पाण्यातील सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी व किडे, त्यांवर ब्लूगिल आणि ब्लूगिलवर बास. प्रत्येक पायरीवर बरेचसे अन्न नुसते जगण्यात खर्ची पडते. ढोबळ मानाने दहा पौंड चारा-मासे खाल्ले म्हणजे बासचे वजन एक पौंडाने वाढते, असे धरतात. तळ्याच्या पोटात समजा एकरी दोनशे पौंड मासे मावतात. ते दोनशे पौंड चारशे माशांत वाटले गेले तर प्रत्येक मासा अर्ध्या पौंडाचा होईल. चार हजार माशांत वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर ग्रॅमही येणार नाहीत. एकूण तेवढेच राहते, वाटणी मात्र बदलते.

ब्लूगिलची मादी हजारोंनी अंडी घालते, आणि उन्हाळाभर पुन्हा पुन्हा घालते. बास वर्षातून एकदाच, वसंतात. म्हणजे ब्लूगिलच्या पिलांची संख्या आटोक्यात ठेवण्याइतके बास नसतील, तर ब्लूगिल एकमेकांचेच अन्न हिरावून खुरटतात. म्हणून दोघांचे प्रमाण महत्त्वाचे. अलाबामात रूढ झालेले कोष्टक असे होते : खत घातलेल्या तळ्यात एकरी एक हजार ब्लूगिल आणि शंभर बास, खत न घातलेल्या तळ्यात दोन्ही निम्मे. ब्लूगिलची पिले शरद ऋतूत आधी सोडावयाची आणि बासची पिले पुढील जूनमध्ये. या क्रमात युक्ती आहे. बासची पिले पाण्यात येतात तोवर ब्लूगिल अंडी घालण्याजोगे झालेले असतात, आणि बासच्या तोंडात मावेल असे अन्न वेळेवर तयार होते.

१९५० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्विंगल यांनी ‘संतुलित’ तळ्याच्या कसोट्या मांडल्या. मला त्या एखाद्या पेढीच्या ताळेबंदासारख्या वाटतात. पहिली कसोटी म्हणजे चारा-माशांचे एकूण वजन भागिले शिकारी माशांचे एकूण वजन. हे गुणोत्तर तीन ते सहा असावे हे उत्तम. म्हणजे वीस पौंड बासमागे साठ ते एकशेवीस पौंड चारा-मासे. पण या आकड्यात एक फसवणूक दडलेली आहे. बास आपल्या लांबीच्या सुमारे एकतृतीयांश लांबीपर्यंतचाच ब्लूगिल गिळू शकतो. बारा इंची बासला चार इंचांहून मोठा ब्लूगिल समोर असून नसल्यासारखा. त्यामुळे दुसऱ्या कसोटीत केवळ गिळण्याजोग्या माशांचे वजन धरतात. ते शिकारी माशांच्या वजनाच्या एक ते तीन पट असावे. तिसरी कसोटी म्हणजे तळ्यातील एकूण वजनापैकी किती वजन माणसाने पकडून खाण्याजोग्या माशांचे आहे. संतुलित तळ्यांत हा वाटा शेकडा तेहेतीस ते नव्वद आढळला. दुकानात माल पुष्कळ आहे पण गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा किती, असाच हा प्रश्न आहे.

तळे दरवर्षी रिकामे करणे शेतकऱ्याला शक्य नव्हते. म्हणून स्विंगल यांनी एक साधी परीक्षा सुचविली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाजवळ बारीक जाळे ओढावे आणि त्यात काय येते ते पाहावे. नुकतीच जन्मलेली ब्लूगिलची आणि बासची अशी दोन्ही पिले आली तर तळे ठीक आहे. तीन ते पाच इंची ब्लूगिलचा खच आला आणि बासचे पिलू एकही नाही, तर ब्लूगिलची गर्दी झाली आहे. ते बासची अंडीही खात आहेत. या मधल्या आकाराचे ब्लूगिल जवळजवळ नाहीतच, असे दिसले तर बासची संख्या जास्त झाली आहे. जाळे ओढावयास थोडा वेळ लागतो, पण त्यातून वर्षाची कहाणी वाचता येते. आकडेशास्त्राच्या विद्यार्थ्याने नमुना-पाहणी म्हणजे काय हे यावरून समजून घ्यावे, असे मला वाटते.

रोग उलटला

स्विंगल यांच्या काळातील मुख्य तक्रार ब्लूगिलच्या गर्दीची होती, कारण लोक बास पकडून खात आणि ब्लूगिल तसेच राहत. पुढे हौशी गळवाल्यांत पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्याची चाल पडली. तिच्यामागे भूतदया आहे, खिलाडूपणाही आहे. सार्वजनिक जलाशयांत, जेथे पकडणारे हात पुष्कळ, तेथे ती उपयोगीही ठरली. परंतु खाजगी तळ्यात पकडणारा एक मालक आणि त्याचे चार स्नेही. तेथे कोणीच काही नेत नाही असे झाल्यावर बास साठत गेले. आज अनेक खाजगी तळ्यांत उलटी स्थिती दिसते : दहा-बारा इंचांवर वाढ खुंटलेले, डोके मोठे आणि पोट खपाटीला गेलेले बास पुष्कळ, ब्लूगिल थोडे पण गलेलठ्ठ.

अशा वेळी मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो चारा विकत घेण्याचा. त्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. पाच एकरांच्या तळ्यात अर्ध्या पौंडाचे पाचशे बास आहेत, म्हणजे एकंदर अडीचशे पौंड. मालकाने पाचशे पौंड चारा-मासे आणून सोडले. दहास एक या प्रमाणाने, एकही चारा-मासा वाया गेला नाही असे मानले तरी, बासचे एकूण वजन पन्नास पौंडांनी वाढेल. पाचशे बासांत ते वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला एकदशांश पौंड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस ग्रॅम. पैसे संपले, मासे तसेच. उलट त्याच मालकाने एकरी पंचवीस पौंडांच्या हिशेबाने सव्वाशे पौंड लहान बास काढून खाल्ले, तर उरलेल्या अडीचशे बासांना तळ्यातले तेच अन्न दुप्पट मिळते, आणि दमडीही खर्च होत नाही. तज्ज्ञही बासची गर्दी झालेल्या सुपीक तळ्यातून दरवर्षी एकरी वीस-तीस पौंड लहान बास काढण्याचा सल्ला देतात.

माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. चारा कमी पडतो याची दोन कारणे असू शकतात, चारा थोडा आहे किंवा तोंडे फार आहेत. मनुष्याला पहिले कारण आवडते, कारण त्यावर बाजारात उपाय मिळतो. दुसऱ्या कारणासाठी स्वतःच्या आवडीच्या माशाला हात लावावा लागतो.

कोणता चारा ?

याचा अर्थ चारा-मासे सोडणे व्यर्थ आहे असा नव्हे. ते केव्हा, कोठे आणि कोणते सोडावयाचे याला महत्त्व आहे. नव्या तळ्यात बास येण्यापूर्वी फॅटहेड मिनो हा सुमारे तीन इंची मासा सोडतात. तो फळ्या-दगडांच्या खालच्या बाजूस अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. पिलाबासांना त्यामुळे सुरुवातीला चांगले अन्न मिळते. पण हा मासा संथ आहे. जुन्या तळ्यात, मोठ्या बासांसमोर सोडला तर थोड्याच काळात त्याचा मागमूस राहत नाही. गोल्डन शायनर थोडा मोठा आणि चपळ, त्याला लपावयास पाणवनस्पती लागतात.

थ्रेडफिन शॅड हा उघड्या पाण्यात थव्याने फिरणारा, सूक्ष्म जीवांवर जगणारा मासा. ब्लूगिल काठाशी राहतो, शॅड मध्यावर. त्यामुळे तळ्याचा एरव्ही रिकामा भाग उपयोगात येतो. पण पाण्याचे तापमान पाच-सात अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की तो मोठ्या संख्येने मरतो. म्हणून उत्तरेकडे तो टिकत नाही आणि दक्षिणेतही कडक हिवाळ्यानंतर पुन्हा आणावा लागतो. त्याचाच भाऊबंद गिझार्ड शॅड थंडीला दाद देत नाही, पण तो फूटभराहून मोठा होतो. एकदा मोठा झाला की बहुतेक बासांच्या तोंडात मावत नाही, मात्र सूक्ष्म जीव खात राहतो आणि ब्लूगिलच्या पिलांचे अन्न कमी करतो. लहान तळ्यात तो एकदा शिरला की तळे रिकामे केल्यावाचून काढणे जवळजवळ अशक्य. चारा म्हणून आणलेला मासा भागीदार होऊन बसतो, तो असा.

एकंदरीत जाणकारांचा कल ब्लूगिलकडेच आहे. तो दर वर्षी स्वतःच नवे पीक देतो, हे त्याचे कारण. बाकीचे चारा-मासे हे जोडधंदे.

कुंपणापलीकडे

आतापर्यंतचा हिशेब एका मालकाचा आणि त्याच्या तळ्याचा झाला. पण पाणी कुंपण जाणत नाही. मोठ्या पावसात सांडव्यावरून पाणी वाहते आणि त्याबरोबर मासे ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातात. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांत मासे आणण्यास वा सोडण्यास परवाना लागतो. ही सावधगिरी अतिरेकी वाटू नये म्हणून दोन घटना सांगतो. त्या खाजगी तळ्यांच्या नाहीत. परंतु ‘चांगले खाद्य’ किंवा ‘उपयुक्त मासा’ म्हणून काही सोडले असता काय होऊ शकते, हे त्या दाखवितात.

पहिली मोंटाना राज्यातील. फ्लॅटहेड सरोवरात कोकानी नावाचा साल्मन मासा होता. तोही १९१६ मध्ये बाहेरून आणलेला. त्याला खाद्य मिळावे या हेतूने १९६८ ते १९७५ या काळात वरच्या अंगाच्या सरोवरांत मायसिस हा कोळंबीवजा लहान जीव सोडण्यात आला. प्रवाहाबरोबर तो खाली उतरला आणि १९८१ साली फ्लॅटहेडमध्ये आढळला. मायसिस दिवसा खोल तळाशी राहतो आणि रात्री वर येतो; कोकानी दिवसा वरच्या पाण्यात चरतो. त्यामुळे कोकानीला मायसिस मिळालाच नाही. उलट कोकानी ज्या सूक्ष्म प्राण्यांवर जगे तेच मायसिसने फस्त केले, आणि खोल पाण्यातील लेक ट्राउट या शिकारी माशाला मायसिसच्या रूपाने आयते अन्न मिळून त्याची संख्या वाढली. मॅकडॉनल्ड ओढ्यात अंडी घालावयास येणारे कोकानी १९८५ मध्ये एक लाखाहून अधिक होते; १९८९ मध्ये ते पन्नासावर आले. त्या माशांवर गुजराण करण्यासाठी शेकड्यांनी जमणारे गरुडही तेथून गेले. कोकानीसाठी वाढलेले ताट शेवटी त्याच्यावरच उलटले.

दुसरी घटना जपानची. १९६० साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेले तत्कालीन युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल भेट दिले. त्यांनी ते मायदेशी नेऊन मत्स्यसंशोधन संस्थेला दिले. अन्नासाठी त्यांची पैदास व्हावी असा हेतू होता. पुढे हे मासे नैसर्गिक जलाशयांत पसरले आणि बिवा सरोवरात देशी माशांची अंडी-पिले खाऊ लागले. २००७ साली, सम्राट असताना, अकिहितो यांनी या गोष्टीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. ते स्वतः माशांचे अभ्यासक आहेत, ही बाब येथे मुद्दाम लक्षात घ्यावी. अलाबामात जो मासा तळ्याचा कणा, तोच बिवात संकट. मासा तोच होता, त्याला आवरणारे आणि त्याला ओळखणारे शेजारी बदलले होते.

आपल्याकडे

आपल्या तलावांतील मत्स्यशेतीची रीत याच्या अगदी उलट आहे. आपण राहू, कटला, मृगळ वाढवितो. यांतला कोणीही दुसऱ्याला खात नाही. कटला वरच्या थरात, राहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. मरळ, शिवडा असे शिकारी मासे आपण बीज सोडण्यापूर्वी काढून टाकतो. अमेरिकन मालकाला शिकारी हवा असतो, आपल्याला चारा खाणाराच हवा असतो, कारण तेथे हौस मुख्य आहे आणि येथे ताट. मधली एक पायरी गाळली की दर एकरी अधिक मासे मिळतात, हे वरील दहास एक या हिशेबावरून कळेलच.

परंतु खुरटण्याचा नियम आपल्यालाही चुकलेला नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, आपल्या बोलीतील चिलापी, ब्लूगिलप्रमाणेच वारंवार प्रजनन करतो आणि गर्दी झाली की लहान राहतो. तोही उपयुक्त म्हणूनच आला आणि तळ्यांतून नद्यांत व धरणांत पसरला. महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेने शेततळ्यांना चालना मिळाली आणि त्यांत मासे सोडण्याकडे शेतकऱ्यांचा ओढा आहे. ज्या प्रश्नांशी अलाबामाचा शेतकरी १९३० नंतर झगडला, तेच प्रश्न आता आपल्या बांधावर उभे आहेत.

म्हणून समारोपादाखल एवढेच लिहितो. तळ्यात काही सोडण्यापूर्वी आधी तळ्यात काय आहे ते जाळे ओढून पाहावे. जे सोडावयाचे ते कोणाच्या तोंडात मावेल, आणि मोठे झाल्यावर कोणाच्या तोंडचे काढून घेईल, याचा विचार करावा. सोडलेले परत काढता येईल काय, आणि सांडव्यावरून गेले तर खालच्या गावाचे काय, हेही विचारावे. सोडण्याची क्रिया एका दुपारची असते. काढण्याची पिढ्यान्‌पिढ्या चालते. ताळेबंदात जमेची बाजू लिहिणे सर्वांनाच आवडते, पण स्विंगल यांच्या तराजूने शिकविले ते असे की, तळे नीट राहते ते खर्चाची बाजू वेळच्या वेळी लिहिल्याने, म्हणजे जेवढे वाढते तेवढे वेळेवर बाहेर काढल्याने. मासेमारीच्या तळ्यावर हौसेने बसणाऱ्यालाही हा हिशेब चुकत नाही. मग जे तळ्यावर पोट भरतात त्यांना तो कसा चुकेल ?